कपाटात ठेवलेला रिपोर्ट

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून)

ताई, माझं वय ३२. रावेर तालुक्यात केळीची बाग आहे, थोडा कापूस लावतो. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या. नळ्यांचा फोटो झाला, दुर्बीण घालूनही पाहिलं. सगळं नीट आहे म्हणाले. माझी तपासणी यंदा पहिल्यांदाच झाली. बायको आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेली होती, तिथून चुलत बहिणीचं लग्न उरकून अठरा दिवसांनी यायची होती. ती येण्याच्या आदल्या दिवशी मी घरूनच वीर्याची डबी घेऊन मोटारसायकलने भुसावळला गेलो. तिथे अर्धा तास रांग होती. एक तपासणी तिथेच झाली आणि उरलेला नमुना कुरिअरने मुंबईला पाठवला. रिपोर्ट असा: संख्या मिलीलिटरला २ कोटी ८० लाख, पुढे जाणारे २२ टक्के, पस सेल्स ८ ते १०, एमडीए जास्त, टीएसी कमी, डीएनए फ्रॅगमेंटेशन ३४ टक्के. खाली लाल अक्षरात ‘तीव्र ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’. पावडरच्या पुड्या लिहून दिल्या आहेत, महिन्याचे चार हजार. आणखी ‘एट-ओएचडीजी’ नावाची तपासणी करा म्हणतात. मित्र म्हणतो, ताकदीचं इंजेक्शन घे. तंबाखू-चुना दिवसभर चालू असतो. बागेत आणि कपाशीत फवारणी मी स्वतः करतो. हा रिपोर्ट मी कपाटात माझ्या स्वेटरखाली ठेवला आहे. घरात आई अजून बायकोलाच बोलते. माझं बीज जळून गेलं आहे का? आणि हिला काय सांगू?

— एक वाचक, रावेर तालुका

भाऊ,

तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दाने तुम्हाला महिनाभर झोप लागली नसेल, म्हणून त्याचं उत्तर आधी देते. बीज जळालेलं नाही. ‘जळालं’ हा शब्द रिपोर्टमध्ये कुठेच नाही, तो तुम्ही स्वतःला लावून घेतलात. एका मिलीलिटरमध्ये २ कोटी ८० लाख शुक्राणू आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात खालची रेघ १ कोटी ६० लाखांची आहे. ती रेघसुद्धा पास-नापासाची नव्हे. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले, अशाच पुरुषांचे नमुने मोजले आणि त्यांतले सगळ्यांत खालचे पाच टक्के जिथे येतात तिथे ती ओढली. म्हणजे रेघेखालचे पुरुषही बाप झालेलेच होते. तुमची संख्या तर रेघेच्या बरीच वर आहे.

अडचण बाकीच्या आकड्यांची आहे. त्यांच्याबद्दल मला तुमच्या रिपोर्टपेक्षा तुमच्या पत्रातून जास्त कळलं. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली बाई आहे. रिपोर्ट हातात आला की आधी नमुना कसा आला ते विचारायचं, ही सवय हाडात मुरली आहे. तुम्ही न विचारता सगळं लिहिलंत, ते फार बरं केलंत.

वीर्याच्या तपासणीसाठी आधी दोन ते सात दिवसांचा खंड हवा, म्हणजे तेवढ्या दिवसांत वीर्य बाहेर पडलेलं नसावं. तुमचा सतरा दिवसांचा होता. आखाजीला बायको माहेरी गेली होती, यात कुणाचीच चूक नाही, पण खंड विचारायचं काम डबी घेणाऱ्याचं होतं. इतके दिवस साठून राहिलेले शुक्राणू वाट बघत म्हातारे होतात. खंड लांबला की संख्या वाढते, पण हालचाल मंदावते आणि डीएनएचे तुकडे होण्याचं प्रमाण वर जातं. तुमच्या रिपोर्टमध्ये नेमकं तेच चित्र आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. नमुना अर्ध्या तासात, फार तर तासाभरात काचेखाली जायला हवा. तुमच्या गावाहून भुसावळ तासाभराचं, वर रांगेतला अर्धा तास. आणि महिना वैशाखाचा! डबी नेताना २० ते ३७ अंशांच्या मधे राहायला हवी. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा गाडीच्या डिकीत किती होत असेल ते तुम्हीच सांगा. ‘पुढे जाणारे २२ टक्के’ हा आकडा शुक्राणूंचा किती आणि रावेर-भुसावळ रस्त्यावरच्या उन्हाचा किती, ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही.

आता त्या लाल अक्षरांकडे येते. तो विषय नीट समजला नाही, तर माणूस एक तर घाबरतो नाहीतर पुड्या विकत घेत बसतो.

घरात करडईचं किंवा जवसाचं तेल असेल तर तुम्हाला माहीत आहे, झाकण उघडं राहिलं, ऊन लागलं, की ते खवट होतं. तूप तितक्या लवकर होत नाही. कारण पातळ तेलातल्या स्निग्धाम्लांच्या साखळीत अशा काही जागा असतात की ऑक्सिजन तिथे पटकन हल्ला करतो. शुक्राणूचं वरचं आवरण अशाच नाजूक स्निग्धाम्लांनी भरलेलं असतं. त्याला शेपटी सळसळत हलवायची असते, आवरण घट्ट असून चालणार नाही. पण त्या लवचीकपणाची किंमत अशी की ऑक्सिजनपासून तयार होणारे चिडके रेणू, म्हणजे सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे, जास्त झाले की आवरण खवट होऊ लागतं. शरीरातल्या इतर पेशींच्या पोटात भरपूर गर असतो आणि त्यात बचावाची एन्झाइम असतात. शुक्राणूने प्रवासासाठी गर जवळजवळ सगळा टाकून दिलेला असतो. तो जगतो भोवतालच्या द्रवातल्या बचावावर.

एमडीए, म्हणजे मॅलोनडायअल्डिहाइड, हे त्या खवटपणाचं मोजमाप. ते मोजायची जी जुनी रासायनिक पद्धत आहे, तीच खाद्यपदार्थांत तेल-चरबी खवट झाली का हे पाहायलाही वापरतात. तुमच्या रिपोर्टमधली टीएसी म्हणजे भोवतालच्या द्रवाची एकूण बचावशक्ती. त्यात क जीवनसत्त्व, युरिक आम्ल आणि इतर बरंच काही येतं. एट-ओएचडीजी ही डीएनएवरच्या ऑक्सिजनच्या जखमेची खूण. शुक्राणूकडे ती जखम उकरून काढण्याची पहिली पायरी असते, पुढची डागडुजी त्याला येत नाही, ती गर्भधारणेनंतर स्त्रीबीज करतं. आणि डीएनए फ्रॅगमेंटेशन म्हणजे धागा किती शुक्राणूंत तुटलेला आहे. हे चार आकडे चार वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच घटनेकडे चार खिडक्यांतून पाहिल्यासारखं आहे.

हा विषय नवाही नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन मॅकलिओड यांनी दाखवलं होतं की ऑक्सिजन भरपूर दिला की माणसाचे शुक्राणू हालचाल गमावतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारं कॅटलेज नावाचं एन्झाइम घातलं की ती टिकते. तेव्हापासून शोध चालूच आहे. आणि एक गोष्ट पुड्या विकणारे सहसा सांगत नाहीत: हे चिडके रेणू थोडे तरी लागतातच. स्त्रीबीजापाशी पोहोचल्यावर शुक्राणूला आत शिरण्यासाठी जी तयारी करावी लागते, ती त्यांच्याशिवाय होत नाही. चुलीत विस्तव हवाच ना, तो पसरून आढ्याला लागू नये एवढंच. सगळा विस्तव विझवला तर भाकरी कशावर भाजणार?

म्हणून ‘तीव्र ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ हे आजाराचं नाव नाही. ताप हे जसं मलेरियाचं नाव नाही, तसंच. ताण आहे म्हटलं की पुढचा प्रश्न हवा, कशाने? तो तुम्हाला कुणी विचारला नाही, थेट पुड्या दिल्या. मला राग आहे तो याचा.

त्यातही तुमचा एमडीए कितपत खरा? नमुना घेतल्यावर तो लगेच वेगळा करून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये गोठवला, तर आठवड्यांनीही एमडीए मोजता येतो. तो नुसता डबीत बसून कुरिअरच्या गाडीतून मुंबईला गेला असेल, तर वाटेतही तेल खवट होत राहिलंच की. त्या प्रयोगशाळेला एकच प्रश्न विचारा: नमुना किती वाजता गोठवला? उत्तर मिळालं नाही, तर एमडीए आणि टीएसीच्या ओळींवर रेघ मारा. चिडके रेणू थेट मोजण्याच्या तपासण्याही असतात, पण त्या ताज्या नमुन्यावरच करायच्या असतात. शिवाय या खुणांसाठी सगळ्या प्रयोगशाळांना मान्य अशी एक रेघ अजून नाही. इथला ‘जास्त’ तिथला ‘ठीक’ असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच पुस्तकात वीर्याची साधी तपासणी हा पहिला टप्पा आहे. डीएनए फ्रॅगमेंटेशन विस्तारित तपासणीत येतं आणि ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या तपासण्या त्याच्याही पुढच्या, प्रगत टप्प्यात. तुमच्या बाबतीत पहिला टप्पाच धड झाला नाही आणि तिसऱ्याचे पैसे घेतले.

एट-ओएचडीजी करू नका. ते जास्त निघालं तरी मी तुम्हाला जे सांगणार आहे तेच सांगेन आणि कमी निघालं तरी तेच. ज्या तपासणीने पुढची वाट बदलत नाही, तिच्यावर केळीच्या पट्टीतले पैसे घालू नयेत.

तर कशाने? तुमच्या पत्रात मला तीन-चार जागा दिसतात.

पहिली रिपोर्टमध्येच आहे, कुणी पाहिलेली नाही: पस सेल्स ८ ते १०. वीर्यातल्या पांढऱ्या पेशी हा चिडक्या रेणूंचा फार मोठा झरा असतो. जंतू मारायला त्या ते तयार करतात, शेजारचे शुक्राणू त्यात भाजले जातात. पण इथेही सांभाळून. साध्या तपासणीत जे गोल दिसतं ते सगळं पू नसतं. कच्चे शुक्राणूही तसेच गोल दिसतात आणि घाईत असलेला तंत्रज्ञ सगळ्यांना ‘पस सेल्स’ लिहून मोकळा होतो. पेरॉक्सिडेज नावाचा रंग लावला की फरक कळतो. मिलीलिटरला दहा लाखांपेक्षा जास्त खऱ्या पांढऱ्या पेशी निघाल्या तर वीर्याचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करा आणि जंतू सापडला तर त्याचंच औषध घ्या. लघवीला जळजळ, अंडकोषात ओढ, असं काही होत असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, लाजू नका. नुसत्या अंदाजाने पंधरा दिवस अँटिबायोटिक घेऊ नका.

दुसरी जागा हाताने तपासल्याशिवाय कळत नाही. तुम्हाला कुणी उभं करून तपासलं का? पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणजे नसावं. अंडकोषाच्या वरच्या शिरा फुगतात, बहुधा डाव्या बाजूला, त्याला व्हॅरिकोसील म्हणतात. सर्वसाधारण पुरुषांत शंभरात पंधरा जणांना ते असतं, मूल न होणाऱ्या पुरुषांत पस्तीस-चाळीस जणांना. अंडकोष शरीराबाहेर लोंबतात ते शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहायला. शिरांत रक्त तुंबलं की तो थंडावा जातो आणि ऑक्सिजनचा ताण वाढतो. मोठं व्हॅरिकोसील असेल तर छोट्या शस्त्रक्रियेनंतर या खुणा आणि डीएनएचं तुटणं खाली येतं, हे पुष्कळ अभ्यासांत दिसलं आहे. तेव्हा मूत्ररोगतज्ज्ञ म्हणजे युरॉलॉजिस्ट गाठा. तपासणी उभं राहून, जोर करायला लावून होते. पाच मिनिटं लागतात. पाच वर्षांत तुमच्या बायकोला भूल देऊन पोटात दुर्बीण घातली गेली आणि तुमची ही पाच मिनिटांची तपासणी राहून गेली. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. आपल्याकडे घराघरात असंच चालतं, आणि दवाखान्यांतही.

तिसरी जागा तंबाखू. इथे मी गोड बोलणार नाही. भारतातल्या तंबाखू चघळणाऱ्या पुरुषांवरचा एक अभ्यास २००५ मध्ये छापून आला. जितकी जास्त तंबाखू, तितकी संख्या, हालचाल आणि आकार खाली, असं त्यात दिसलं. धूर नाही म्हणजे त्रास नाही, ही समजूत चुकीची आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या शुक्राणूंत ती एट-ओएचडीजीची खूणही वाढलेली सापडते. बागेत पाणी धरताना, ढाब्यावर, पारावर, हात आपोआप चुन्याच्या डबीकडे जातो, मला माहीत आहे. एका झटक्यात सुटत नसेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८०० ११ २३५६. चार हजारांच्या पुडीपेक्षा हा फोन तुमच्या बीजाला जास्त उपयोगी पडेल, असं माझं ठाम मत आहे.

चौथी फवारणी. केळी आणि पुरुषबीज यांचं नातं जगाला एकदा फार वाईट पद्धतीने कळलेलं आहे. डीबीसीपी नावाचं सूत्रकृमी मारणारं औषध होतं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ते बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्याच लक्षात आलं की आपल्यातल्या कुणाला मुलं होत नाहीत. तपासलं तर कित्येकांच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. पुढे मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांतले मजूरही तसेच निघाले. अमेरिकेने १९७९ मध्ये त्याचा बहुतेक सगळा वापर थांबवला. तुम्ही करप्यावर किंवा बोंडअळीवर जे मारता ते हे औषध नव्हे आणि तुम्हाला तसं झालेलंही नाही. तुमचे २ कोटी ८० लाख तेच सांगतात. पण कपाशीवरच्या ऑर्गॅनोफॉस्फेट औषधांनी ऑक्सिजनचा ताण वाढतो, हे प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्याही अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. २०१७ मध्ये यवतमाळकडे कपाशीच्या फवारणीत वीसच्या वर माणसं गेली, ते तर जीवावरच बेतलं होतं.

पुढचे तीन महिने पंप तुम्ही पाठीवर घेऊ नका, असं म्हणणं सोपं होतं. पण मग तो सालदाराच्या पाठीवर जाणार आणि त्यालाही घर आहे, बायको आहे. म्हणून सगळ्यांसाठीच सांगते. औषध काठीने ढवळा, हाताने नको. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला साधा रुमाल नव्हे तर औषधाच्या वाफेसाठीचा मास्क. वारा पाठीशी ठेवून चाला. दुपारच्या उन्हात फवारू नका, घामाने कातडी औषध पिते. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायची खोड आपल्याकडे फार आहे, ती आजपासून बंद. पंप गळका असेल तर औषध पाठीवरून कमरेवर, तिथून खाली झिरपतं, ते विशेष वाईट. आणि औषधाचा हात न धुता तंबाखू मळता ना? तोही हिशेब धरा. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका, ते धुणारे हात तुमच्या बायकोचे आहेत.

आता पुड्या. त्यात बहुधा क आणि ई जीवनसत्त्व, झिंक, सेलेनियम, फॉलिक आम्ल, कार्निटिन, लायकोपीन, कोएन्झाइम क्यू-टेन यांतलं काहीतरी असेल. कल्पना वाईट नाही. तेल खवट होतंय तर खवटपणा अडवणारं घाला, असा तो साधा विचार आहे. पण करून पाहिलं तेव्हा तो फारसा टिकला नाही. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झिंक आणि फॉलिक आम्लाची मोठी चाचणी झाली. २०२० मध्ये तिचा निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत ३४ टक्के जोडप्यांना मूल झालं, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ३५ टक्के. डीएनएचं तुटणं तर गोळी घेणाऱ्यांत किंचित जास्तच निघालं. त्याच वर्षी क, ई, सेलेनियम, कार्निटिन, झिंक, फॉलिक आम्ल, लायकोपीन, सगळं एकत्र देऊन दुसरी चाचणी झाली. तिच्यातही ना हालचाल सुधारली, ना डीएनए. काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसतो, हेही खरं आहे, पण ते अभ्यास कच्चे आहेत. चुलीचा विस्तव मी उगाच सांगितला नव्हता. गरज नसताना अँटिऑक्सिडंट भारंभार घेतले तर उलट बाजूने बिघडतं. तुमच्या डॉक्टरांनी कारण शोधून, ठरावीक मुदतीसाठी, पुन्हा तपासायचं ठरवून साधी गोळी दिली तर मी विरोध करणार नाही. पण कारण न शोधता तीन महिन्यांचे बारा हजार? नको.

खाण्याचं फार लिहीत नाही, कारण खाण्याने हे बरं होतं असं मी म्हणूच शकत नाही. दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाणे, तीळ, मोसमातली फळं, बागेतली केळी, एवढं नेमाने खाल्लं तर पुडीतलं बरंचसं ताटात येतं. ढाब्यावरचं तेच तेच तापवलेलं तेल कमी करा. वजन वाढलं असेल किंवा साखर कधी तपासली नसेल तर तपासा, मधुमेहानेही हा ताण वाढतो.

इंजेक्शन मात्र अजिबात नको. ताकदीचं म्हणून जे देतात ते बहुधा टेस्टोस्टेरॉनचं असतं. ते बाहेरून मिळालं की मेंदूला वाटतं, आत भरपूर आहे, आणि तो अंडकोषांना काम थांबवण्याचा निरोप धाडतो. शुक्राणूंची संख्या शून्यावर जाऊ शकते. तुमच्या मित्राची भावना चांगली असेल, पण आज तुमच्याकडे जे आहे तेही तो घालवून बसेल. कशात काय घातलं आहे ते लिहिलेलं नाही अशी भस्मं आणि चूर्णंही नकोत. शिशाने शुक्राणू बिघडतात आणि चूर्णात शिसं आहे हे डोळ्यांना दिसत नाही.

मग करायचं काय? नवा शुक्राणू अंडकोषात घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, मग बाहेरच्या नळीत पिकायला आणखी दहा-चौदा दिवस. म्हणजे तुम्ही आज तंबाखू सोडली तर तिचा फायदा तीन महिन्यांनी डबीत दिसेल, आधी नाही. मधे मोठा ताप आला तरी त्याचा ओरखडा दोन-तीन महिने राहतो, तेव्हा तसं झालं तर तारीख लिहून ठेवा. आठ दिवसांनी पुन्हा तपासू नका. एवढ्या दिवसांत युरॉलॉजिस्टची भेट उरकून घ्या आणि पोळा, गणपती झाले की दुसरी तपासणी करा. तीन दिवसांचा खंड ठेवा. नमुना प्रयोगशाळेतच द्या. भुसावळला द्या, नाहीतर जळगावला, पण डबी गाडीवर न्यायची नाही. आधी फोन करून विचारा की स्वतंत्र खोली आहे का आणि तपासणारा माणूस त्या वेळी हजर असतो का. हालचाल तेव्हाही कमी निघाली तर डीएनए फ्रॅगमेंटेशन पुन्हा करण्यात अर्थ आहे. ३० टक्क्यांच्या वर राहिलं तर नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता कमी होते, गर्भपाताचा धोका थोडा वाढतो. कमी होते म्हटलं, संपते म्हटलं नाही. तिथून पुढे इक्सीसारखे (एकेक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडण्याचे) मार्ग आहेत, तेव्हा लिहा, तेव्हा बोलू. तुमची बायको कदाचित तिशीच्या आतबाहेर असेल. स्त्रीबीज तरुण असलं की शुक्राणूच्या डीएनएची मोडतोड बऱ्यापैकी दुरुस्त करतं, त्यामुळे तीन महिने थांबण्याइतका वेळ तुमच्यापाशी आहे. तीन वर्षं थांबण्याइतका मात्र नाही.

आणि हे तीन महिने प्रयत्न सोडून बसू नका. ‘बीज साठवून ठेवावं’ ही समजूत उलटी आहे, ते तुम्ही वर वाचलंच. दोन-तीन दिवसांआड जवळ या.

आता कपाटाचं. मूल न होणाऱ्या जोडप्यांत सुमारे निम्म्या वेळा पुरुषाकडे काही ना काही कारण असतं, एकट्याकडे नाहीतर दोघांकडे मिळून. तरी नवस बाईने बोलायचा, मनुदेवीला पायी बाईने जायचं, आखाजीला माहेरी गेल्यावर बायाबायांत खाली मान घालून बाईने बसायचं. तुमची बायको यंदा अठरा दिवस माहेरी राहिली. झोक्यावरच्या गाण्यांसाठी राहिली, की इथल्या बोलण्यापासून चार दिवस सुटका म्हणून, हे तुम्ही तिला कधी विचारलंत का? मी परकी बाई, पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जड वाटलेली ओळ रिपोर्टची नव्हती. ‘आई अजून बायकोलाच बोलते’, ती होती. त्यातल्या ‘अजून’मध्ये तुम्हाला सगळं कळतं आहे, हे मला दिसलं.

तुम्हाला भीती आहे की सांगितलं तर पुरुषपणाला बट्टा लागेल. शुक्राणूंची हालचाल आणि पुरुषपण यांचा काही संबंध नाही. शरीरसंबंध उत्तम असलेल्या कित्येक पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू कमी असतात, ते त्यांना डबी दिल्याशिवाय कळतही नाही.

तिला आधी सांगा, एकटीला. जेवणं झाल्यावर, अंगणात खाटेवर. रिपोर्ट तिच्या हातात द्या आणि हे पत्रही वाचून दाखवा. शब्द सुचले नाहीत तर एवढंच म्हणा: तुझ्या तपासण्या आधी झाल्या, माझी आधी व्हायला हवी होती. ती रडेल, कदाचित चिडेल. पाच वर्षांचं आहे, निघू द्या. तिला लगेच समजावत बसू नका.

मग आईला. ते तुम्हीच सांगायचं, बायकोच्या तोंडून नाही. ‘आई, तपासणीत माझ्याकडे अडचण निघाली आहे, इलाज चालू आहे, आता तिला काही बोलायचं नाही.’ टक्के, एमडीए, काही सांगत बसू नका. माझ्या पाहण्यात आहे, लेकाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की खानदेशातली भलीभली कडक सासू गप्प होते, आणि दुसऱ्या दिवशी तीच डब्यात शेंगदाण्याचे लाडू भरून देते.

युरॉलॉजिस्टकडे दोघं मिळून जा. दुसरी तपासणी झाली की मला लिहा आणि रिपोर्टच्या वर खंड किती दिवसांचा होता, डबी किती वाजता दिली, हे तुमच्या हाताने टिपून ठेवा.

तुमची ताई